दात आंबतात तेव्हा

नाशिकच्या मातीच्या गढीचे आणि संगमनेर तालुक्यातल्या जोर्व्याचे उत्खनन ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये केले, आणि महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या एका संस्कृतीला जोर्व्याचे नाव मिळाले. त्याच संस्कृतीचे एक मोठे गाव पुढे घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यातल्या इनामगावला सापडले. तिथे घरांच्या जमिनीखाली मडक्यांमध्ये पुरलेली लहान मुले होती. त्यांच्या दातांचा बारकाईने अभ्यास डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेचे जॉन लुकाक्स यांनी केला. सुमारे तीन हजार वर्षे मातीत राहूनही त्या मुलांच्या वाढीची आणि आजारपणाची हकीकत सांगायला दात शिल्लक होते.

दात एवढे टिकतात ते त्यांच्यावरच्या इनॅमलमुळे. शाळेच्या पुस्तकात त्याला दंतवल्क म्हणतात. मानवी शरीरात याहून कठीण काही नाही. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज, उरलेले पाणी आणि थोडी प्रथिने. हाडांमध्येही खनिज असते, पण हाड जिवंत असते. त्यात रक्त फिरते, ते मोडले तर जुळते. इनॅमलमध्ये ना रक्त, ना नस, ना एकही जिवंत पेशी. आणि जे द्रव्य तीन हजार वर्षांच्या मातीला पुरून उरले, तेच लिंबाच्या रसात बुडवले तर पहिल्या काही मिनिटांतच मऊ पडायला लागते. या दोन गोष्टी एकाच पदार्थाच्या आहेत, हे मला या विषयातले सर्वांत मोठे नवल वाटते. आंबट पेयांनी झिजलेल्या दातांवरचे सगळे उपचार याच एका विसंगतीभोवती फिरतात.

इनॅमल तयार होते हिरडीच्या आत, दात बाहेर येण्यापूर्वी. अमेलोब्लास्ट नावाच्या पेशी एक प्रथिनांचे जाळे विणतात आणि त्यात कॅल्शियम व फॉस्फेटचे स्फटिक भरत जातात. या स्फटिकांच्या जुड्या म्हणजे इनॅमलचे दांडे. एकेक दांडा जाडीला मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढा, आणि एका दातात असे पन्नास लाखांपासून एक कोटी वीस लाखांपर्यंत दांडे. रोज थोडा थर चढतो आणि त्या रोजच्या वाढीच्या खुणा सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. दुधाच्या दातांत तर बाळ जन्मले त्या दिवसाची एक वेगळी रेघ उमटलेली असते. काम पुरे झाले की या पेशी संपतात, आणि दात तोंडात उगवतो तेव्हा त्यांचा मागमूस राहत नाही. म्हणून इनॅमल एकदाच मिळते. पहिल्या कायमच्या दाढेचे इनॅमल बनायला सुरुवात होते ती जन्माच्या सुमारास, आणि सहाव्या-सातव्या वर्षी उगवलेली ती दाढ सत्तर-ऐंशी वर्षे त्याच थरावर चालवायची असते. हा थर दाढेच्या टोकाशी फार तर अडीच मिलिमीटर जाड, आणि हिरडीजवळ निमुळता होत होत शून्यावर येतो.

इनॅमलमधल्या खनिजाचे नाव हायड्रॉक्सीअपेटाइट. ते साध्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तोंडातली लाळ कॅल्शियम आणि फॉस्फेटने इतकी भरलेली असते की दातातून काही बाहेर जाण्यापेक्षा दातावर काही बसण्याचाच कल असतो. पण पीएच ५.५ च्या आसपास खाली गेला की कल उलटतो. आम्लातले हायड्रोजनचे कण स्फटिकातल्या फॉस्फेटला आणि हायड्रॉक्सिलला पकडतात, स्फटिकाची घडी मोडते आणि कॅल्शियम सुटून जाते. पीएचची पट्टी दसपटीने चढते-उतरते, हे इथे लक्षात ठेवायला हवे. कोलाचा पीएच साधारण २.५ असतो. म्हणजे इनॅमल सुटू लागण्याच्या मर्यादेपेक्षा कोला तीन पायऱ्या खाली, आणि आम्लता हजारपट. लिंबाचा रस त्याच्याही खाली जाऊ शकतो, दोन ते अडीचच्या दरम्यान. शिवाय लिंबातले सायट्रिक आम्ल दुहेरी काम करते: ते स्फटिक सोडवते आणि सुटलेल्या कॅल्शियमला स्वतःशी बांधूनही ठेवते, त्यामुळे ते परत दातावर बसत नाही. कैरी, चिंच किंवा आवळा भरपूर खाल्ल्यावर दात आंबतात आणि घास चावताना करकर लागते, तो या घडामोडीचा प्रत्येकाने लहानपणी घेतलेला अनुभव आहे. एरवी काही तासांत तो निवतो. रोज दिवसातून अनेकदा तेच घडले तर निवायला वेळच मिळत नाही.

ही झीज आणि दात किडणे यांत गल्लत होते. किडीतले आम्ल जंतू तयार करतात. दातांच्या फटीत साचलेल्या थरात बसून ते साखर खातात आणि पृष्ठभागाखाली खड्डा पोखरतात. आंबट पेयांच्या झिजेत जंतूंचा काहीही हात नसतो. आम्ल बाहेरून येते आणि उघड्या, स्वच्छ पृष्ठभागावरून थरामागून थर नेते. म्हणून ज्याच्या दातांत एकही कीड नाही, जो दोन वेळा नेमाने ब्रश करतो, त्याचेही दात पुढच्या बाजूने पातळ होऊ शकतात. साखर नसलेल्या ‘डाएट’ पेयाने कीड टळेल, झीज टळत नाही. आम्ल त्यातही तेवढेच असते.

आता नाशिक. या जिल्ह्याचा आंबटाशी असलेला संबंध द्राक्षातून येतो. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड लागतात, मण्यांत पाणी उतरते, गोडी भरते आणि जानेवारीपासून तोड सुरू होते. मण्यात पाणी उतरेपर्यंत द्राक्ष म्हणजे आम्लाची गोळीच असते: टार्टारिक आणि मॅलिक आम्ल. पिकताना मॅलिक आम्ल जळत जाते, टार्टारिक मात्र बरेचसे टिकून राहते. फळांमध्ये हे आम्ल एवढ्या प्रमाणात क्वचित आढळते. ते भरपूर असलेले दुसरे आपल्या ओळखीचे फळ म्हणजे चिंच. आमटीत पडणारा चिंचेचा कोळ आणि पेल्यातली वाइन यांचा आंबटपणा मुख्यतः एकाच आम्लाचा आहे.

गंगापूर धरणाच्या परिसरात गोवर्धनजवळ राजीव सामंत यांनी १९९७ च्या सुमारास वाइनच्या द्राक्षांची लागवड केली आणि २००० मध्ये सुलाची पहिली वाइन बाजारात आली. २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी वेगळे धोरण आणले, विंचूरला वाइन पार्क उभे राहिले, दिंडोरी आणि इगतपुरीच्या बाजूलाही वायनरी आल्या. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला आज भौगोलिक मानांकन आहे. या उद्योगाबरोबर नाशिकमध्ये एक नवा व्यवसाय रुजला, तो चव घेणाऱ्यांचा. वाइन बनवणारे, तिची प्रत तपासणारे, पाहुण्यांना चव कशी घ्यावी हे दाखवणारे, सगळे याच व्यवसायातले.

चव घेण्याची पद्धत दंतवैद्याच्या नजरेने पाहण्यासारखी आहे. पेला तिरका धरून रंग पाहिला, वास घेतला, की एक घोट तोंडात घ्यायचा. तो गिळायचा नाही. ओठ किंचित उघडून त्यातून हवा आत ओढायची, म्हणजे वाइन जिभेवर उसळते आणि वास नाकाकडे चढतात. मग ती गालांच्या आतून, पुढच्या दातांच्या मागून-पुढून खेळवायची आणि शेजारच्या भांड्यात थुंकायची. जेवताना पेलाभर वाइन घेणाऱ्याच्या दातांना आम्ल निसटते लागते. चव घेणाऱ्याच्या दातांभोवती मात्र ते मुद्दाम फिरवले जाते, आणि पुढच्या पेल्यासाठी तोंड पुन्हा तयार असते. वाइनचा पीएच तीन ते चारच्या दरम्यान असतो. सोव्हिन्यों ब्लांसारख्या पांढऱ्या वाइनचा तीनच्या जवळ, लाल वाइनचा सहसा थोडा वर. लाल वाइन डाग पाडते, पण झीज करण्यात पांढरी पुढे आहे. उष्ण प्रदेशात द्राक्षातले आम्ल लवकर उतरते, म्हणून वाइन बनवताना वरून टार्टारिक आम्ल घालण्याची पद्धत जगभरच्या उष्ण भागांत आहे. म्हणजे ऊन आपल्या मदतीला येईल असे मानायचे कारण नाही.

याचा परिणाम मोजलेला आहे. स्वीडनमध्ये १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १९ व्यावसायिक चाखणाऱ्यांचे दात तपासले. यांतले बहुतेक आठवड्यातले पाचही दिवस रोज वीस ते पन्नास वाइन चाखत. १९ पैकी १४ जणांच्या दातांवर आम्लाची झीज सापडली, आणि गंमत म्हणजे त्यांच्यात कीड मात्र कमी होती. दक्षिण आफ्रिकेत वाइन बनवणाऱ्यांची तुलना त्यांच्या पती-पत्नींशी केली गेली. घर एक, जेवण एक, पाणी एक, फरक फक्त कामाचा. झीज काम करणाऱ्यांत जास्त होती. बॅटरीच्या कारखान्यांत आम्लाच्या वाफेत काम करणाऱ्यांचे पुढचे दात झिजतात हे वैद्यकाला पूर्वीपासून ठाऊक आहे. चाखणाऱ्यांची झीजही त्याच वर्गातली, म्हणजे कामातून जडणारी. नाशिकच्या वायनरींनी तिच्याकडे कामगारांच्या आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. चष्मा, हातमोजे आणि बूट देतो तशी वर्षातून एकदा दातांची तपासणीही द्यावी.

नाशिककरांपैकी बहुतेकांचे दात मात्र वाइनने झिजणार नाहीत. त्यांच्यासाठी कोला, लिंबू सोडा, पॅकबंद फळांचे रस आणि व्यायामशाळेत घेतली जाणारी ‘एनर्जी’ पेये हा खरा विषय आहे. इथे किती प्यायले यापेक्षा कसे प्यायले याला जास्त महत्त्व आहे. एक ग्लास लिंबू सरबत जेवणाबरोबर पाच मिनिटांत संपवणे वेगळे, आणि तीच बाटली गाडीत शेजारी ठेवून दोन तास घोट घोट घेणे वेगळे. प्रत्येक घोटानंतर लाळेला आम्ल धुऊन काढून पीएच वर आणायला वेळ लागतो, आणि दर पाच मिनिटांनी घोट घेणाऱ्याच्या तोंडात तो वेळ येतच नाही. नाशिकचा उन्हाळा चाळीस अंशांवर जातो. उन्हात राबून घसा कोरडा पडलेला असतो तेव्हा लाळही आटलेली असते, आणि नेमक्या त्याच वेळी थंडगार सोड्याची बाटली तोंडाला लागते. तहान पाण्याने भागवावी आणि आंबट पेय नंतर चवीपुरते घ्यावे, एवढ्या क्रमबदलानेही दातांचा फायदा होतो.

दह्याची गोष्ट मला फार आवडते. दह्याचा पीएच चार ते साडेचारच्या आसपास असतो, म्हणजे मर्यादेच्या चांगलाच खाली. नियमाने पाहता दही-ताकाने दात झिजायला हवेत. ते झिजत नाहीत, कारण दह्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट इतके असते की दातातून आणखी बाहेर काढायला त्या द्रवात जागाच उरलेली नसते. आंबटपणा तोच, पण सोबत कॅल्शियम आले की धोका टळतो. मिसळीनंतर कोणी कोल्याऐवजी ताक मागत असेल, तर दातांच्या दृष्टीने तो शहाणा आहे. याच तत्त्वावर काही देशांत आंबट पेयांत कॅल्शियम मिसळून पाहण्याचे प्रयोग झाले, आणि त्यांनी झीज कमी झाली.

लाळेवर स्वतंत्र पुस्तक लिहिता येईल. दिवसाला अर्ध्या ते दीड लिटरपर्यंत लाळ सुटते. ती आम्ल पातळ करते, तिच्यातले बायकार्बोनेट आम्ल मारते आणि तिच्यातली प्रथिने दातावर एक अदृश्य पातळ साय धरतात. ब्रश केल्यावर ही साय निघते आणि काही मिनिटांत पुन्हा धरू लागते. आम्ल प्रथम या सायीला भिडते. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, म्हणून रात्री उशाशी ठेवलेले सरबत दिवसाच्या सरबताहून वाईट. काही औषधांनी तोंड कोरडे पडते. अशा माणसाच्या दातांवर तेवढेच पेय कितीतरी जास्त परिणाम करते. म्हणून दोन माणसे सारखेच कोला पितात आणि एकाचेच दात झिजतात, यात विसंगत काही नाही.

झीज कशी ओळखायची? सुरुवातीला ती सुंदर दिसते, हीच पंचाईत आहे. नव्या दातावर आडव्या बारीक लाटा असतात, बोटाच्या नखाने जाणवतील न जाणवतील अशा. आम्लाने त्या आधी पुसल्या जातात आणि दात गुळगुळीत, रेशमी चकाकीचा होतो. मग पटाशीच्या दातांच्या कडा पातळ होऊन उजेडात निळसर, पारदर्शक दिसू लागतात आणि त्यांचे टवके उडतात. दाढांच्या टोकांवर छोट्या वाट्या पडतात. इनॅमल पातळ झाले की खालचे डेंटिन पिवळे झळकते, आणि लोक दात पिवळे पडले म्हणून आणखी जोरात घासू लागतात. जुनी चांदीची भरणी असेल तर ती दाताच्या वर उठलेली दिसते. भरणी जागच्या जागी राहिलेली असते, आजूबाजूचा दात खाली गेलेला असतो. डेंटिनमध्ये हजारो बारीक नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. थंड लागले की तो द्रव हलतो आणि आतल्या नसेपर्यंत कळ जाते. थंड पाणी लागते ते असे.

कसलेला दंतवैद्य झीज कुठे आहे यावरून ती कशाने झाली ते ताडतो. वरच्या पुढच्या दातांची ओठाकडची बाजू झिजली असेल तर बाहेरून येणारे आम्ल, म्हणजे पेय किंवा फळ. टाळूकडची, आतली बाजू गुळगुळीत झाली असेल आणि पुढची शाबूत असेल, तर संशय पोटातल्या आम्लावर जातो. जठरातल्या आम्लाचा पीएच एक ते दोन, लिंबापेक्षाही तीव्र. रात्री छातीत जळजळ होऊन आंबट पाणी वर येणाऱ्या कितीतरी लोकांना त्याचा पत्ता प्रथम दंतवैद्याच्या खुर्चीत लागतो. झिजेची नोंद ठेवायला २००८ साली बीवी नावाची एक सोपी मोजपट्टी आली. तोंडाचे सहा भाग करून प्रत्येक भागातल्या सर्वांत झिजलेल्या दाताला शून्य ते तीन गुण द्यायचे. बेरीज अठरापर्यंत जाऊ शकते. वर्षाने पुन्हा मोजले की झीज थांबली की चालूच आहे ते कळते.

उपचाराची पहिली पायरी दवाखान्याबाहेरची आहे. तीन-चार दिवस काय प्यायले, किती वाजता, किती वेळ, हे कागदावर लिहून आणायला सांगतात. आपण दिवसभरात किती वेळा आंबट तोंडात घालतो हे माणसाला लिहिल्यावरच दिसते. झीज चालू असताना दातावर काहीही चढवले तरी ते पाण्यात जाते, कारण कडेचा दात झिजतच राहतो.

दुसरी पायरी उरलेले इनॅमल कडक करण्याची. फ्लोराइड स्फटिकात शिरले की फ्लोरअपेटाइट तयार होते आणि त्याची विरघळण्याची मर्यादा ५.५ वरून ४.५ च्या आसपास खाली येते. भारतात टूथपेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमपर्यंतच ठेवण्याची कायद्याची मर्यादा आहे. दंतवैद्य दवाखान्यात लावतो त्या वार्निशमध्ये ते २२,६०० पीपीएम असते, आणि ते वर्षातून काही वेळाच लावतात. पण कोल्याचा पीएच ४.५ च्याही फार खाली असल्याने नुसत्या फ्लोराइडची ताकद इथे अपुरी पडते. कथिल असलेले स्टॅनस फ्लोराइड जास्त उपयोगी ठरते, कारण कथिल दातावर एक थर धरते आणि तो आम्लाला बराच टिकतो. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न विद्यापीठात एरिक रेनॉल्ड्स यांनी गाईच्या दुधातल्या केसिनपासून कॅल्शियम-फॉस्फेट धरून ठेवणारा पदार्थ काढला; त्याचे क्रीम भारतातही मिळते. दुधाची ॲलर्जी असणाऱ्यांनी ते वापरू नये. या सगळ्यांनी मऊ पडलेले इनॅमल पुन्हा कडक होते. गेलेले इनॅमल मात्र परत येत नाही, आणि कोणत्याही जाहिरातीने तसे सांगितले तर ते खोटे समजावे. फ्लोराइड जास्त म्हणजे चांगले असेही नाही. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांत काही ठिकाणी भूजलातच ते मर्यादेबाहेर आहे आणि त्याने मुलांचे दात डागाळतात.

गेलेल्या इनॅमलची जागा भरण्याची वाट मात्र एका आम्लानेच दाखवली. अमेरिकेतल्या रॉचेस्टरचे मायकेल ब्युनोकोर यांच्या पाहण्यात आले की कारखान्यांत धातूवर रंग पक्का बसावा म्हणून आधी फॉस्फरिक आम्ल लावतात. त्यांनी तेच दातावर करून पाहिले आणि १९५५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आज जगभर रोज हेच केले जाते. दात कोरडा करून त्यावर सुमारे ३७ टक्के फॉस्फरिक आम्लाचे निळे जेल लावतात, पंधरा ते तीस सेकंद थांबतात आणि पाण्याने धुतात. वाळवल्यावर चकाकणारा दात तेवढ्या भागात खडूसारखा पांढरा, निस्तेज दिसतो. आम्लाने दांड्यांची टोके असमान खाल्लेली असतात आणि पृष्ठभागावर असंख्य बारीक छिद्रे पडलेली असतात. त्यांत पातळ रेझिन शिरते, निळ्या उजेडाखाली घट्ट होते आणि छिद्रांत अडकून बसते. त्यावर दाताच्या रंगाचे काँपोझिट थराथराने चढवून गेलेला आकार परत उभा करतात. कोल्यात अगदी थोड्या प्रमाणात असते ते हेच आम्ल. बाटलीतून वर्षानुवर्षे बेहिशेबी आले तर ते दात नेते. मोजून अर्धा मिनिट लावले तर त्याच्याच जोरावर दात दुरुस्त होतो.

दुसरे नवल नॉर्वेचे. पुढचे दात झिजले की खालचे-वरचे दात एकमेकांकडे सरकतात आणि दुरुस्तीला जागाच उरत नाही. पूर्वी ती जागा करायला शाबूत दातही कापत. १९७५ मध्ये ब्योर्न डाल आणि सहकाऱ्यांनी झिजलेल्या पुढच्या दातांवर धातूची पातळ प्लेट बसवली. त्यामुळे तोंड मिटले की फक्त पुढचे दात टेकत आणि दाढा उघड्या राहत. काही महिन्यांत दाढा आपोआप वाढून पुन्हा एकमेकींना टेकल्या आणि पुढे आवश्यक तेवढी जागा मिळाली. आता प्लेटऐवजी थेट काँपोझिटच चढवतात. सुरुवातीचे काही आठवडे घास नीट चावला जात नाही, हे रुग्णाला आधी सांगावे लागते. पण एकही निरोगी दात न कापता संपूर्ण चावा पुन्हा बसतो.

पूर्ण कॅप हा शेवटचा उपाय असावा. कॅपसाठी दात चहूबाजूंनी तासावा लागतो, आणि आधीच झिजलेल्या दाताचा राहिलेला भाग त्यात जातो. कधी कधी मग रूट कॅनलही करावे लागते. काँपोझिटला काही वर्षांनी डागडुजी लागते हे खरे, पण ती दात न कापता करता येते. तरुण रुग्णाच्या बाबतीत तरी मी डागडुजीच्या बाजूने कौल देईन.

इनॅमल पुन्हा उगवण्याचे प्रयत्न प्रयोगशाळेत चालू आहेत. चीनमधल्या झेजियांग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये कॅल्शियम फॉस्फेटच्या अतिसूक्ष्म समूहांपासून खऱ्या इनॅमलवर त्याच रचनेचा नवा थर वाढवून दाखवला. थर दोन-तीन मायक्रॉनचा, केसाच्या जाडीच्याही कितीतरी कमी. झिजेत जाते ते शेकडो मायक्रॉन. तो अजून दवाखान्यात आलेला नाही. तरीही पेशी संपल्यावर जे शरीराला जमत नाही ते माणसाने काचपात्रात थोडे तरी जमवले, ही गोष्ट लहान नाही.

घरगुती उपायांबद्दल सांगितलेच पाहिजे. दात पांढरे करायला लिंबू आणि खाण्याचा सोडा चोळा, हा सल्ला सर्रास दिला जातो. त्यात लिंबाने इनॅमल मऊ होते आणि सोड्याच्या कणांनी ते खरवडून निघते. ओल्या सिमेंटवर खराटा मारण्यासारखेच ते आहे. राखुंडीने घासणेही तसेच, आणि ग्रामीण महाराष्ट्रात अजून चालणारी मिश्री तर तंबाखू जाळूनच करतात. ती दातांबरोबर तोंडाच्या कर्करोगाचा धोकाही आणते. आंबट प्यायल्यावर लगेच ब्रश करू नये असे सांगतात ते योग्यच आहे. मात्र अर्धा तास थांबल्याने सगळे पूर्ववत होते असे प्रयोगांत दिसलेले नाही. त्यापेक्षा पाण्याने चूळ भरावी आणि ब्रश मऊ वापरावा. वाइन चाखणाऱ्यांनी कामाच्या तोंडावर ब्रश करू नये, दातावरची साय तशीच ठेवावी, मध्ये मध्ये पाणी घ्यावे आणि शेवटी चीजचा तुकडा खावा. चीज लाळ सोडते आणि कॅल्शियमही देते.

पंचवटीत कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आहे. राज्यातली दंत महाविद्यालये ज्याला जोडलेली आहेत ते महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठही १९९८ पासून याच शहरात, म्हसरूळला, द्राक्षबागांकडे जाणाऱ्या दिंडोरी रस्त्यावर आहे. आंबटाने दात कसे झिजतात याचा अभ्यास करायला महाराष्ट्रात याहून योग्य जागा नसेल. विद्यार्थ्यांनी वायनरींत आणि शाळांच्या आसपासच्या सोड्याच्या गाड्यांवर जाऊन तो करावा. आणि वाचकांनी एवढे करावे: थंड लागू लागले, पुढच्या दातांच्या कडा पारदर्शक दिसल्या किंवा जुनी भरणी वर उठलेली जाणवली, तर दुखण्याची वाट न पाहता दंतवैद्याकडे जावे, आणि तिथे आपण दिवसभर काय पितो, छातीत जळजळ होते का, हे न विचारता सांगावे.